बिनटाळीची थप्पड

ढुंढिराज पाध्येने चौतीस वर्षं थपडा खाल्ल्या आणि त्यातली एकही त्याला लागली नव्हती. सर्कशीतली थप्पड लागत नसतेच. मारणाऱ्याचा हात गालापासून बोटभर अंतरावरून जातो, खाणारा त्याच क्षणी मान फिरवतो आणि ढगळ कोटाच्या आड, कमरेखाली, स्वतःच टाळी वाजवतो. शेवटच्या बाकापर्यंत जो फाडकन आवाज पोहोचतो, तो त्या टाळीचा. दिसते मारणाऱ्याची, पण वाजवतो खाणारा. बनारसच्या दुर्गाघाटावरच्या भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या ढुंढिराजने पोथ्या कधी मन लावून वाचल्या नाहीत. हे मात्र मन लावून शिकला.

हे त्याने एकदा चारचौघांत शार्दूलला ऐकवलं आणि तिथेच माशी शिंकली. शार्दूल म्हणजे मालक श्रीनिवासरावांचा पुतण्या, पंचविशीचा, अंगाने आडवा. ढुंढिराजला थपडा मारायचं काम त्याच्याकडे होतं आणि लोक हसतात ते आपल्या हाताला, अशी त्याची ठाम समजूत होती. गोरखपूरच्या मुक्कामात बँडवाल्यांसमोर म्हातारा म्हणाला, की बाबा रे, हसू माझ्या टाळीला आहे, तुझ्या जागी खांब उभा केला तरी चालेल. बँडवाले खिदळले. दुसऱ्या दिवशी रिंगणात शार्दूलने खरी थप्पड हाणली.

तेव्हापासून रोज दोन खेळ आणि खेळाला तीन थपडा. गंगेपलीकडे रामनगरात तंबू पडला तोवर ढुंढिराजचा डावा कान गुणगुणायला लागला होता. आणि हा शहाणा दर वेळी टाळी वाजवतच होता. हाताला सवय, दुसरं काय. तक्रार करावी, तर शार्दूलने काकांमागे आधीच टुमणं लावलेलं, की म्हाताऱ्याला आता झेपत नाही, रामनगरनंतर त्याला गेटवर तिकिटं फाडायला बसवा. केबल आल्यापासून तंबू निम्मा रिकामा, त्यात मालकाचं डोकं आधीच फिरलेलं. लागतं म्हणून हा रडत गेला असता, तर त्याच दिवशी गेटवरचं स्टूल मिळालं असतं. रिंगण सुटलं की ढुंढिराजकडे दुसरं काहीच उरत नव्हतं. म्हणून तो दात आवळून गप्प राहिला आणि शार्दूलचा द्वेष करत राहिला. इतका, की कनातीपलीकडून त्याचं हसणं कानावर आलं तरी हा पुढचं ताट बाजूला सारायचा.

रामनगरच्या मुक्कामात तो झोपायला घरी, दुर्गाघाटला जायचा. घरी बायको होती, पद्मा. ते सगळं खोटं असतं, लागत नाही, असं त्याने तिला जन्मभर सांगितलं होतं. एका सकाळी तिने उजेडात त्याचा गाल पाहिला. दाढ दुखतेय, तो म्हणाला.

"दाढदुखीची बोटं उमटत नाहीत," पद्मा म्हणाली. "मला बेवकूफ समजू नका. इतवारी तीनच्या खेळाला मी येणार."

आणि आली. तिसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसली. ढुंढिराजने तिला पडद्याआडून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शार्दूलपुढे मान खाली घातली. एवढा एक खेळ हात आवर, बायको आलीय, म्हणाला. शार्दूल आरशासमोर दरोग्याच्या, म्हणजे खेळातल्या फौजदाराच्या, मिशा रंगवत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"काकू आल्यात?" तो म्हणाला. "मग तर जोरात वाजली पाहिजे."

ढुंढिराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बँड वाजला आणि दोघं आत शिरले.

शार्दूल दरोगा, हा त्याचा नोकर. नोकर चुकीच्या हाताने सलाम करतो, दरोगा थप्पड मारतो. पहिली बसली, ती थेट कानाखाली. ढुंढिराजचे हात आपोआप एकमेकांकडे निघाले होते. टाळी दिली असती, तर तंबू हसला असता आणि पद्माही कदाचित फसली असती. त्याने हात तिथेच थांबवले. बायकोसमोर अब्रू जाणार होती. जाऊ दे, त्याने ठरवलं.

तोंडाला फासलेल्या सफेद्याच्या, म्हणजे विदूषकाच्या पांढऱ्या रंगाच्या, जाड थरावर बसलेली खरी थप्पड म्हणजे ओल्या फडक्याचा आवाज. मागच्या बाकांना काहीच ऐकू गेलं नाही. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याची टाळी चुकली असं समजून शार्दूलने दुसरी आणखी जोरात ठेवून दिली. पुन्हा तंबू गप्प.

"टाळी द्या," शार्दूल ओठ न हलवता म्हणाला.

ढुंढिराजने दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे समोर पसरले आणि उभा राहिला.

शार्दूलने तिसऱ्यांदा हात उचलला. त्यावर दिव्याचा झोत पडला आणि तळवा पांढराशुभ्र दिसला. खोट्या थपडेत मारणाऱ्याच्या हाताला रंग लागत नाही. हे कुणाला शिकवावं लागलं नाही, बनारसच्या लोकांना ते बघताक्षणी कळलं.

"अरे, ई त बुढ़ऊ के सचमुच मारत हौ!" मागून कुणीतरी ओरडलं.

शेंगांची टरफलं रिंगणात येऊन पडायला लागली, मग शिव्या. शार्दूलचा हात वरच राहिला. मारावा तर लोक चालून येणार, गुपचूप मागे घ्यावा तर हरला. तो तसाच उभा असताना ढुंढिराजने टाळी वाजवली, एकच, फाडकन. कुणीही हात न लावता तो उताणा पडला आणि पाय वर करून कळवळायला लागला. तंबू हशाने फुटला. तो उठला, पुन्हा टाळी, पुन्हा कोलांटी. हात वर करून उभ्या असलेल्या शार्दूलकडे बोटं दाखवून लोक हसत होते. एवढं हसू त्या तंबूत कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

कनातीमागे श्रीनिवासराव लालबुंद होऊन आले. आधी पुतण्याचा पंजा बघितला, मग बाहेरचा गलका ऐकला, आणि म्हाताऱ्याला काय हवंय ते विचारलं.

"सहाच्या खेळाला थप्पड मी मारणार," ढुंढिराज म्हणाला. "टाळी तो देईल. नाहीतर मी घरी जातो, मग उभा करा तुमचा खांब."

मालकाने बाहेरच्या हसण्याचा हिशेब केला आणि मान हलवली.

पद्मा आत आली तेव्हा शार्दूल कोपऱ्यातल्या आरशापुढे बसून गालांना सफेदा फासत होता. आरशातून तो पुन्हा पुन्हा ढुंढिराजच्या हाताकडे बघत होता. ती नवऱ्याजवळ बसली, त्याचा सुजलेला कान बघितला. मग हळूच विचारलं, "सहाला खरी मारणार?"

"नाही."

"त्याला तसं सांगितलंत?"

ढुंढिराजने शार्दूलच्या पाठीकडे पाहिलं. "नाही."

पद्माने पदराने त्याच्या गालावरचा रंग पुसला आणि पिशवी खाली ठेवली. "मग मी सहालाही थांबते," ती म्हणाली.