तोंड पाहून दुरुस्ती

कापडाच्या लूमवरची नोकरी सोडून आमच्या ह्यांनी उधन्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या हाती पहिलावहिला कॉम्प्युटर आला, पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्या शेठचा. त्याच्याकडे बिलं टाइप करणाऱ्या सरलाबाईंनी साफ सांगितलं होतं, पॉवर सप्लायच्या डब्यातून बारीक शिट्टी येते, डोकं उठतं, मी बसणार नाही. हे काम जमलं तर शेठच्या सगळ्या मशिनी आपल्याकडे, नाहीतर परत लूम, असं ह्यांनी मला बजावलं.

डबा उघडून त्यांनी बटण दाबलं, कान लावला. "आठे काहीच आवाज नही."

दुकानामागेच आमचं घर. मी पिठाच्या हातानेच बाहेर आले, तर कानात सुई टोचावी अशी शिट्टी चालली होती. म्हटलं, "इतला मोठा आवाज तुमले ऐकाले येत नही?"

"तुन्हा कान वाजतस."

मला खोटं पाडायला ह्यांनी लूमवरचे जुने सोबती बोलावले. धुडकू, सुकदेव आणि उखा, तिघे पाळी संपवून आले. बाजारात नारळ पारखावा तसा एकेकाने कान लावला आणि आवाज नाही असा एकमुखाने निकाल दिला. वर मला चहा टाकायला सांगितलं. मी असली भडकले! तेवढ्यात शेजारची रुक्मिणी साखर मागायला आली. तिने जन्मात लूमच्या कारखान्यात पाय ठेवलेला नाही. दारातच तिने दोन्ही कानांत बोटं घातली.

चौघे एकमेकांकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात उभी राहिलेली माणसं. उखाने हळूच आपला कान चोळला.

हे स्टुलावर बसले. "माले ऐकाले येत नही, मंग दुरुस्त काय करसू? परत लूमवर जास."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. पण बोलले ते ठसक्यातच. "लूमवर तरी एकमेकांचं कुठे ऐकू यायचं? तोंडं बघूनच बोलत होतात ना? मग आता मन्हं तोंड देखा."

मला समोर बसवलं. वाळक्या बांबूच्या काडीने हे एकेक भाग दाबू लागले, नजर माझ्यावर. बाकीचे तिघेही चहा फुरकत माझ्याच तोंडाकडे. मला हसू आवरेना.

"हसू नको," सुकदेव म्हणाला, "निकाल खोटा येस."

तांब्याच्या तारेची एक गुंडाळी दाबली आणि माझ्या कपाळावरची आठी गेली. काडी उचलली की आठी परत. तार सैल होऊन थरथरत होती. ह्यांनी प्लग काढला, आतली वीज उतरू दिली आणि तार घट्ट बसावी म्हणून माझी नेलपॉलिशची अख्खी बाटली तिच्यावर ओतली. वाळल्यावर बटण दाबलं. मशीनकडे कोणी पाहिलंच नाही.

"बंद व्हयना?"

"व्हयना." शिट्टी खरंच थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सरलाबाई निमूट कामाला बसल्या आणि शेठने आणखी दोन मशिनी धाडल्या. त्या उघडायच्या आधी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"चाल ना," म्हणाले, "माले तू लागस."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी स्टो बंद केला आणि गेले.