रेनकोटच्या कापडाची झाकणं

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाईंना डेंग्यू झाल्याचं कळलं, तेव्हा मी एका फ्रॉकला बाही लावत होते. बाही उलटी लागली. तीस वर्षं मशीन चालवते आहे, पण उलटी बाही माझ्या हातून कधी लागली नव्हती.

कारण मागच्या खोलीत, परसाकडच्या खिडकीखाली, माझी लेक चिमी सातव्या महिन्याचं पोट घेऊन झोपली होती. जावई बोटीवर नोकरीला, चार महिने तरी परत यायचा नाही, म्हणून मी तिला घरी घेऊन आले होते. याआधी दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा चौथ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. या वेळी डॉक्टरीणबाई तिच्यासमोर गोड गोड बोलल्या आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे. फक्त ताप येऊ देऊ नका." जसा काही ताप माझी परवानगी घेऊनच येणार होता!

नर्सबाईंची बातमी आली त्या दिवसापासून मी आणि आमचे हे, आम्ही दोघांनी परसात युद्ध मांडलं. हे बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून यांच्या हातांना काम नाही आणि डोक्याला विश्रांती नाही. प्लास्टिकची बाटली मधोमध कापून, वरचा भाग उलटा खोचून, आत साखरेचं कोमट पाणी आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडून आणलेलं चिमूटभर यीस्ट घालून यांनी सापळा केला. चार दिवसांत त्यात तीन डास सापडले आणि गल्लीतल्या यच्चयावत मुंग्या. मग पसरट भांड्यात साबणाचं पाणी. मग अर्ध्या लिंबात खोचलेल्या लवंगा, खिडकीच्या कठड्यावर ओळीने. गटारात चमचाभर जुनं ऑइल. डासाला वाऱ्यात उडता येत नाही असं कुठेतरी वाचून यांनी मागच्या दारात टेबल फॅन लावला. डास कमी झाले, हे खरं, पण चिमीला सर्दी झाली आणि सर्दीने अंग कोमट झालं की माझा जीव टांगणीला लागायचा. मी फॅन बंद केला.

शेजारच्या भिंतीपलीकडे निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांच्याकडे चाळीसेक कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीखाली बशी. डास तिथूनच येतात अशी माझी खात्री होती. मी भिंतीवरून त्यांना दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. त्यांनी एक बशी उचलून मला दाखवली. बशीत कोरडी वाळू भरलेली होती.

"सगळ्यांत वाळू आहे, वहिनी," ते म्हणाले.

"मग डास काय आभाळातून पडतात?" मी म्हटलं आणि आत आले. हार मानायची सवय मला नाही, आणि तेव्हा तर मुळीच नव्हती.

झाकणांची कल्पना माझी. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं, त्यामुळे गल्लीत प्रत्येक परसात पाण्याची पिंपं आहेत. पत्र्याची झाकणं गंजून वाकडी झालेली, बाजूने बोटभर फट. शाळेचे रेनकोट शिवून उरलेलं निळं कापड माझ्याकडे गठ्ठाभर पडलं होतं. मी पिंपाचं माप घेतलं, गोल कापलं, कडेला इलॅस्टिक घातलं, दुहेरी शिलाई मारली. टोपी घालावी तसं ते पिंपावर बसलं. मुंगी आत जाईल तर शपथ.

"अगं, जाळी लाव की," हे म्हणाले.

"जाळीला भोकं असतात."

"म्हणून तर तिला जाळी म्हणतात."

यांच्या विनोदाकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. माझा एक शिरस्ता आहे, कपडा अंगाला आवळेल असा शिवायचा नाही, चार बोटं ढिलाई ठेवायची. माणूस हात वर करतो, खाली वाकतो, दोन घास जास्त जेवतो. त्या ढिलाईवरच माझं गिऱ्हाईक टिकलं आहे. पिंपाच्या झाकणालाही मी तीच चार बोटं दिली, काढताघालताना ताण पडू नये म्हणून. पिंप काही हात वर करत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

झाकण बघून समोरची आली, मग तिची जाऊ आली. आठवड्याभरात मी अकरा घरांना झाकणं शिवून दिली. सगळे म्हणाले, मावशी, शिवणात तुमचा हात कोणी धरणार नाही. मलाही ते पटलं. पोस्टमास्तरांना मात्र मी दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग दोन आठवडे रोज एक सर येऊन जात होती. डास कमी व्हायचे ते वाढले. संध्याकाळी दिवा लावला की चिमीच्या खिडकीशी गुणगुण सुरू. मी खिडकी बंद करायची, तिला गुदमरायचं, ती उघडायची. रोज सकाळी मी तिचे पाय बघायचे. घोट्याजवळ नवा लाल ठिपका दिसला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

"आई, मोजू नकोस गं," ती म्हणायची. "तू मोजलंस की जास्त खाजतं."

ती हसायची. मला हसू यायचं नाही. मी भिंतीकडे बघून पोस्टमास्तरांच्या नावाने बोटं मोडायचे.

आणि मंगळवारी सकाळी तिचं कपाळ तापलेलं लागलं. थर्मामीटर लावला, एकशे एक. दवाखान्यात रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, ठीक आहेत म्हणाल्या, पण त्यांनी दोनदा ऐकले आणि ते मी बघितलं. बाळाची हालचाल मोजायला सांगितली. रिपोर्ट बुधवारी दुपारी.

बुधवारी हे अकरालाच दवाखान्यात जाऊन बसले. रिपोर्ट दोनला मिळणार हे यांना माहीत होतं, पण घरात बसवेना. मी चिमीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तेवढ्यात परसाचं फाटक वाजलं. आरोग्य खात्याची तपासणीवाली बाई होती. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. दहा घरांत एक घर बघतात म्हणे, आज आमचं निघालं.

तिने गटार बघितलं, मान डोलावली. साबणाचं भांडं बघितलं. मग पहिल्या पिंपाशी गेली.

"झाकण छान आहे," ती म्हणाली. एक कड उचलून तिने आत टॉर्च मारली. "पाणी स्वच्छ आहे."

माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू, लेक तापाने फणफणत असतानाही फुगली.

मग तिने टॉर्च झाकणावरच रोखली. मधल्या ढिलाईत कापड खाली झोळीसारखं उतरलं होतं आणि त्यात दोन तांबे पावसाचं पाणी साठलं होतं. रेनकोटचं कापड, एक थेंब खाली झिरपू देईल तर ना! त्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. पाच-पंचवीस नव्हेत, शेकड्याने. दुसऱ्या पिंपावरही तेच. मी रोज त्या झाकणाची कड उचलून पाणी काढत होते. माझं लक्ष कडेवर, माझ्या शिलाईवर. मध्ये कधी बघितलंच नाही. तिथून चिमीची खिडकी चार पावलांवर होती.

"बाई, हे झाकण कोणी शिवलं?" तिने विचारलं.

मी ओले हात पदराला पुसले.

"बाजारातून आणलं," मी म्हटलं.

"विकणाऱ्याला सांगा, जाळीचं करायला. नाहीतर मधोमध काहीतरी टेकू तरी द्या, पाणी घरंगळून जाईल असं. हे तर डासांचं बाळंतघर झालंय." तिने दोन्ही झाकणं सुक्या मातीत उलटी केली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गल्लीत गेली.

मी तिथेच उभी राहिले. मातीवर त्या अळ्या तडफडत होत्या. माझ्या मनात अकरा घरं एकेक करून उभी राहिली. मग माझ्या मनाने सौदा सुरू केला. आधी रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट चांगला आला, तर सगळ्यांना सांगेन. वाईट आला, तर... तर पुढे काय, ते मनाने सांगितलं नाही.

आत गेले तर चिमी उशीला टेकून बसली होती. खिडकी उघडी होती.

"बाजारातून?" ती म्हणाली.

मी पट्टी पिळायला घेतली.

"आई, अकरा घरं आहेत. तू मला घरांची नावं वाचून दाखवली होतीस, कोणाला केवढं माप ते."

"तुझा रिपोर्ट येऊ दे. तुला अशी सोडून कुठे जाऊ?"

"मी कुठे पळून जाणार आहे? रिपोर्ट दोनला येईल. ते पाणी आत्ता तिथे आहे." तिने पोटावर हात ठेवला. "हलतंय. दहा वेळा मोजलं. जा तू."

मी कात्री घेतली आणि निघाले. समोरचीला सांगताना जीभ अडखळत होती. दुसऱ्या घरी जरा सुटली. झाकण उचलायचं, पाणी मातीत ओतायचं, मध्ये कात्रीने फाडायचं, आणि सांगायचं, माझी चूक झाली, जाळीचं शिवून देते. कोणी म्हणालं, अहो होतं असं. समोरचीची जाऊ म्हणाली, "तरीच! आणि तुम्ही बिचाऱ्या पोस्टमास्तरांना बोलत होतात." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आठ घरांत पाणी होतं, आठही घरांत अळ्या होत्या. नर्सबाईंकडे मी झाकण शिवायच्या आधीच ताप आला होता, हे मी वाटेत स्वतःला दोनदा सांगितलं.

नववं घर बेकरीवाल्याचं. तो दारातच भेटला, हातात पिशवी. पिशवीत साडी, टॉवेल, थर्मास.

"कुठे निघालास?"

"आईला काल ॲडमिट केलं, मावशी. डेंग्यूच आहे. प्लेटलेट उतरतायत. कपडे न्यायला आलो होतो."

त्याची आई सत्तरीची, बारीक. झाकण घ्यायला ती स्वतः आली होती, माझ्या मशीनशी बसून मापं सांगितली होती. तिच्या परसातलं पिंप तिच्या खाटेच्या खिडकीखालीच होतं.

मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, ढिलाई, कापड, बाजारातून आणलं म्हटलं तेही. तो ऐकत राहिला. मग मागे गेला, मी पाठोपाठ. त्याने झाकणाकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली, झाकण काढलं, पाणी मातीवर ओतलं, पायाने माती सारली. माझ्या हातातून कात्री घेऊन त्यानेच कापड फाडलं. मला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल.

तेवढ्यात गल्लीतून यांचा आवाज आला. हे धावत येत होते. वीस वर्षांत मी यांना धावताना बघितलं नव्हतं. हातात कागद. मी पिंपाची कड धरली.

"निगेटिव्ह!" हे लांबूनच ओरडले. "नाहीये! डेंग्यू नाहीये! साधा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल. बाळ ठणठणीत आहे!"

मी तिथेच ओल्या मातीत बसले आणि हमसून हमसून रडले. सात महिने आवरलेलं सगळं रडले. हे माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, धापा टाकत.

मग माझ्यासमोर कोणीतरी वाकलं. बेकरीवाला होता. त्याचे डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल होते.

"देव पावला, मावशी," तो म्हणाला. "पोरगी वाचली. उठा आता, तिला सांगा जाऊन."

तो मनापासून म्हणत होता. मी त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधला, राग शोधला. काही नव्हतं, आनंदच होता. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊ शकले असते. मी यांना म्हटलं, चिमीला तुम्ही सांगा, आणि उरलेल्या दोन घरांत जाऊन झाकणं फाडा. मग उठून त्याची पिशवी उचलली आणि त्याच्याबरोबर दवाखान्याच्या वाटेला लागले.