सुपातली ज्वारी आणि मी

मी एक नोझल टेस्टर आहे. नाव ऐकून बिचकू नका, काम सोपं आहे. डिझेल गाडीच्या इंजिनात डिझेल फवारणारी बोटाएवढी वस्तू असते, तिला नोझल म्हणतात. ते नोझल ठीक आहे की बिघडलंय, हे मी सांगतो. माझ्या डोक्यावर छोटी टाकी, पोटावर दाब दाखवणारी काट्याची तबकडी, बाजूला लांब दांडा. नोझल माझ्या नळीला जोडायचं आणि दांडा झपाझप दाबायचा. फवारा धुक्यासारखा बारीक यावा, टोकाशी थेंब लोंबू नये. आणि मुख्य म्हणजे कर्र कर्र असा बारीक आवाज यावा. फवारा बघणाऱ्याला कधीमधी फसवतो, काटाही फसवतो. आवाज फसवत नाही.

मी कुठल्याशा कारखान्यात जन्मलो. तिथलं मला फक्त ओल्या हिरव्या रंगाचा वास आठवतो. माझं खरं आयुष्य सुरू झालं चौऱ्याहत्तर साली, माझे मालक बापूराव मला नागपूरहून एसटीनं वर्ध्याला घेऊन आले तेव्हा. वाटभर मी त्यांच्या मांडीवर होतो. हे काय घेऊन चालले, असं कंडक्टरनं विचारलं, तर गाडीची नाडी पाहायचं मशीन आहे म्हणून त्यांनी ऐटीत सांगितलं. तेव्हापासून मी जरा फुगलोच.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत, रस्त्याच्या कडेला त्यांचं टिनाचं शेड होतं. तिथल्या जाड सागवानी फळीवर त्यांनी मला बोल्टांनी आवळलं. भिंतीपलीकडे त्यांचं घर, आणि भिंतीला लागूनच चूल. चुलीपाशी धुरपताबाई, बापूरावांच्या घरच्या. मी इकडे करकरायचो, त्या तिकडे भाकरी थापायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि मला वाटायचं, असंच चालेल.

जीप आल्या, ट्रॅक्टर आले, ऐंशीनंतर डिझेलच्या टॅक्सी आल्या. बापूराव डोळे मिटून दांडा दाबायचे आणि मान हलवायचे. त्यांनी मान हलवली की गाडीवाला निश्चिंत व्हायचा.

पण जन्मभर इंजिनाशी कान लावून उभं राहिलेला माणूस. त्यांचे कान हळूहळू गेले. बोललेलं ऐकू यायचं, पण बारीक आवाज गेले. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते आता परत यायचे नाहीत. माझी करकर हाताला तरी कळेल म्हणावं, तर तळव्यांना घट्टे पडलेले. बापूरावांनी हे कुणाला सांगितलं नाही. डोळे मिटून मान हलवणं तसंच चालू ठेवलं. मी ओरडून सांगणार तरी कसा? माझा जो काय आवाज होता, तोच त्यांना ऐकू येत नव्हता.

मग व्हायचं ते झालं. प्रभाकररावांची टॅक्सी खेड्यांतून रोगी घेऊन सेवाग्रामला जायची. तिचं एक नोझल बापूरावांनी पास केलं. फवारा बरा होता, काटा बरोबर होता, पण मी करकरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गाडी काळा धूर ओकत वाटेतच बंद पडली. आत अडलेली बाळंतीण होती. तिला बैलगाडीत घालून पुढे न्यावं लागलं. बाई सुखरूप सुटली, पण प्रभाकरराव येऊन हे सांगत होते तेव्हा बापूरावांचा चेहरा मला बघवत नव्हता.

प्रभाकरराव गेल्यावर धुरपताबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ते नोझल कच्चं होतं," त्या म्हणाल्या. "मी भाकर थापून राह्यली होती, मले तिथून समजलं. पण तुमच्या कामात मी काऊन बोलू?"

सकाळी बापूरावांनी स्वतःच्या हातानं माझ्या फळीखाली एक पोतं अंथरलं. धुरपताबाई सूप घेऊन आल्या, त्या पोत्यावर बसल्या आणि ज्वारी निवडू लागल्या.

एवढ्यावरच त्यांचं ठरलं. मी नीट करकरलो की त्यांची बोटं सुपात फिरत राहायची. नोझल कच्चं असलं की बोटं थांबायची. बापूराव खाली बघायचे आणि मान हलवायचे, किंवा नोझल काढून बाजूला ठेवायचे. गाडीवाल्यांना यातलं अवाक्षर कळलं नाही. त्यानंतर एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते विचाराल, तर ते हेच.

एकदा कुणीतरी थट्टा केली, "बापूराव, घरच्याईचा पहारा हाय का तुमच्यावर?" बापूराव हसले. "घरात करमत नाई तिले," म्हणाले, "बसते आपली." तेव्हा माझ्या नळीला नोझल नव्हतं, दांडाही कुणी दाबला नव्हता. तरी धुरपताबाईंची बोटं थांबली. थोड्या वेळानं पुन्हा फिरू लागली. बापूरावांचं तिकडे लक्ष नव्हतं, पण माझं होतं.

सत्याऐंशीच्या थंडीत धुरपताबाईंना ताप आला. दुपारी निवडणं अर्धं टाकून, सूप घेऊन त्या घरात जाऊन पडल्या. पुन्हा शेडमध्ये आल्या नाहीत.

भिंतीपलीकडून थापांचा आवाज येईनासा झाला. मला लोखंडाला काय कळतं असं तुम्ही म्हणाल, पण मी त्या आवाजासाठी अक्षरशः झुरलो. बापूराव शेड उघडायचे आणि नुसते बसून राहायचे. कुणी नोझल घेऊन आलं की सांगायचे, मशीन बिघडलंय, नळी फुटलीय. माझ्यावर तो धडधडीत खोटा आळ होता. मी तो मुकाट्यानं घेतला.

उन्हाळ्याच्या तोंडी प्रभाकरराव आले. नोझलं फडक्यात बांधून आणली होती. बापूरावांनी त्यांनाही तेच सांगितलं. प्रभाकरराव म्हणाले, मशीन दुरुस्त होईस्तोवर मी थांबतो, दुसरीकडे जात नाही. आणि खरंच बाकावर बसून राहिले.

शेवटी बापूराव उठले. नोझल जोडलं, दांडा दाबला आणि सवयीनं खाली बघितलं. खाली रिकामं पोतं होतं. कितीतरी वेळ ते तिकडेच बघत उभे होते. मग घरात गेले आणि सूप घेऊन आले. त्यात अर्धी निवडलेली ज्वारी होती, त्या दिवशीची. ते त्या पोत्यावर ठेवायला त्यांचा हात धजेना. त्यांनी सूप माझ्याजवळ फळीवर ठेवलं. डोळ्यांसमोर असावं, एवढंच त्यांच्या मनात असेल.

त्यांनी दांडा दाबला. मी करकरलो. माझी करकर फळीत उतरली, फळीतून सुपात गेली, आणि ज्वारीचे दाणे थरथरू लागले.

बापूरावांनी दांडा सोडला. पुन्हा दाबला. दाणे पुन्हा थरथरले. त्यांनी दुसरं नोझल जोडलं. ते कच्चं होतं. सुपातला एक दाणाही हलला नाही.

प्रभाकररावांनी विचारलं, हे काय नवीन?

"माह्या घरचीचा कान हाय हा," बापूराव म्हणाले. "मले काईच ऐकू येत नव्हतं, प्रभाकरराव. इतके वर्सं तिच्याच कानानं काम चाललं. मी कोणाले सांगितलं नाई. तिलेबी नाई."

हे ऐकायला धुरपताबाई हव्या होत्या. ऐकलं ते प्रभाकररावांनी आणि मी.

आता माझा हिरवा रंग पार उडालाय, दांडा लचकतोय. नागपुरात विजेवर चालणारी मशीनं आलीत म्हणे. येवोत. दिवस मावळायला आला की मी अजून भिंतीपलीकडे कान देतो. बापूराव अजून दांडा दाबतात, आणि दाबण्याआधी एकदा खाली पोत्याकडे बघतात, मग सुपाकडे.

तुम्ही कधी नालवाडीला आलात तर बापूरावांशी समोर उभं राहून सावकाश बोला. माझ्याजवळचं सूप कचरा समजून उचलू नका. बापूराव त्या ज्वारीला अधूनमधून ऊन दाखवतात आणि पुन्हा आणून ठेवतात. तिच्यात चार-दोन खडे आहेत, ते मात्र वेचू नका. ते धुरपताबाईंचे वेचायचे राहिलेत.