चकाचक साहेबांची चाळणी

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे तुसडी म्हणत. हे तिच्या कानावर आलं तेव्हा तिला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. ज्यांच्या तोंडून गोड म्हणवून घ्यावं, अशी माणसं तिला त्या ऑफिसात दिसतच नव्हती.

तिचे साहेब म्हणजे चकाचक. त्यांच्या टेबलावर धुळीचा कण सापडायचा नाही. पण खालच्या खणात कोंबलेला वायरींचा गुंता उघडून बघायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या उजव्या हाताला होयबा बसायचा. साहेबांनी तोंड उघडलं की हा मान हलवायला सुरुवात करायचा, वाक्य पुरं होईपर्यंतसुद्धा दम नसायचा त्याला.

ही मंडळी एका मोठ्या इस्पितळाची वेबसाइट सांभाळत होती. पेशंट घरी जाऊन फोनवर आपलं पान उघडायचे आणि कोणतं औषध कधी, किती घ्यायचं ते वाचायचे. काम साधं होतं. पण काही दिवसांपासून त्या पानांवर मधेच भलतीच अक्षरं उगवू लागली होती. डोक्यावर टोपी घातलेलं एखादं परकं अक्षर गोळीच्या आधी येऊन बसायचं, जणू लग्नात कुणी न बोलावलेला पाहुणा.

तुसडीला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला कळतात फक्त आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणारे तक्ते असतात. एका तक्त्याने लिहिलं आणि दुसऱ्याच तक्त्याने वाचलं, की झाला बट्ट्याबोळ. पानावरचे ठरावीक शब्द नव्या यंत्रातून यायचे, ते नीट दिसायचे. डॉक्टरांनी टिपलेलं प्रमाण मात्र जुन्या यंत्रातून यायचं, आणि ते कोणत्या तक्त्याने वाचायचं हे ती माहिती आपल्याकडे आत येते त्या दाराशी कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगायला एक ओळ पुरली असती.

"एक ओळ?" साहेब तेव्हा हसले होते. "मॅडम, जुन्या यंत्राच्या वाटेला जायचं नाही. चालू गोष्टीला हात लावायचा नसतो."

"चालू कुठंय सर? चुकतंय म्हणून तर तक्रारी येताहेत."

"तक्रार कशाची आहे? घाण दिसते याची. मग घाण दिसायला नको!"

"नको, नको," होयबाने री ओढली.

आणि साहेबांनी स्वतः बसून एक चाळणी लिहिली. पानावर जे काही मराठी अक्षरही नाही आणि आकडाही नाही, ते चाळणीने सरळ काढून टाकायचं. झालं. पानं स्वच्छ झाली, तक्रारी थांबल्या, आणि साहेबांनी स्वतःची पाठ इतकी थोपटून घेतली की हात दुखला असेल. तुसडीने नाक मुरडलं आणि आपलं काम करत बसली.

मग एके दिवशी दुपारी इस्पितळाच्या अधीक्षक बाई चाळणी बघायला यायच्या होत्या. सकाळपासून होयबा खुर्च्या पुसत होता. इतक्यात तुसडीला मावशीचा फोन आला.

"अगं, मला सारखं गरगरतंय. काल बाथरूममध्ये भिंत धरली म्हणून वाचले. तुमच्या त्या पानावर बघून घेते हो सगळं, काही चुकवत नाही."

"रक्तदाबाची गोळी किती घेतेस?"

"एक. दुसरं काय घेणार?"

"पानावर एक लिहिलंय?"

"एक असं नाही लिहिलेलं. सकाळी गोळी, रात्री गोळी. आता गोळी म्हणजे एकच ना? की तुझ्या घरी गोळी म्हटलं की पाच खातात?"

तुसडीने फोन कानाला धरूनच मूळ माहिती उघडली. डॉक्टरांनी अर्ध्याची खूण टाकली होती, एक छेद दोनची, एकाच छोट्या चिन्हात. ती खूण काही मराठी अक्षर नव्हती, आकडाही नव्हता. चाळणीने टोपीवालं अक्षर काढलं आणि त्याच हाताने अर्धाही काढून टाकला. उरली नुसती गोळी.

"मावशी, रात्री गोळी घेऊ नकोस. डॉक्टरांना आत्ता फोन कर. तुला अर्धीच घ्यायची होती."

"अर्धी? अगं बाई! मग एवढे दिवस मी दुप्पट..."

"हो. फोन कर आधी, मला शिव्या नंतर दे."

तिने फोन ठेवला आणि ती खूण असलेल्या सगळ्या नोंदी शोधल्या. पडदा भरून नावं आली. तिने ती यादी वेगळी काढून ठेवली. मावशीला सांगणारी भाची होती, या लोकांना कोण सांगणार? आणि आता पान दुरुस्त केलं तरी काय उपयोग? गोळी किती घ्यायची ते एव्हाना सगळ्यांना पाठ झालं असणार, पुन्हा पान उघडून बघतंय कोण?

ती साहेबांच्या खोलीत गेली. ते आरशासमोर टाय सारखा करत होते. तिने सगळं सांगितलं.

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण टायची गाठ काही सुटली नाही. "कुणाला काही झालंय का?"

"माझ्या मावशीला गरगरतंय."

"वय काय त्यांचं?"

"सर!"

"नाही, या वयात गरगरतंच. हे बघा, पाहुण्या जाऊ देत. उद्या आपण शांतपणे बसू, तुमची ती ओळ का काय ती घालू. कुणाला कळणारही नाही."

"कळायलाच हवं. त्यांना आज रात्री गोळी घ्यायची आहे."

"बोभाटा झाला तर हे काम हातातून जाईल. मग काय खाल?"

"काहीही खाईन," ती म्हणाली, "पण मोजून खाईन."

होयबा दारात उभा होता. त्याची मान हलायच्या बेतात होती, पण कोणासाठी हलवायची ते त्याला कळेना, आणि ती तशीच तिरकी राहिली.

तुसडी जागेवर आली. जुन्या यंत्रातली माहिती आत येते त्या दाराशी तिने ती एक ओळ लिहिली, चाळणी बंद केली आणि मावशीचं पान उघडलं. टोपीवालं अक्षर गेलं होतं, गोळीच्या आधी अर्ध्याची खूण गपचूप येऊन बसली होती. इतकंच होतं काम. यासाठी एवढे दिवस दोन शहाण्यांचं डोकं चालत होतं, असं म्हणायलाही तिला डोकं या शब्दाची दया आली.

मीटिंगच्या खोलीत अधीक्षक बाई बसल्या होत्या. साहेब भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणत होते, "पहा, एकही वेडंवाकडं अक्षर नाही. ही आमच्या चाळणीची कमाल!"

"चाळणी बंद आहे," तुसडी दारातून म्हणाली.

साहेबांचं बोट हवेतच राहिलं.

ती आत आली. आवाज न चढवता, एखाद्या हट्टी पोराला बेरीज समजवावी तशी तिने अधीक्षक बाईंना हकीकत सांगितली: खूण कशी होती, कुठे गेली, पेशंट काय वाचत होते. "आधी घाण दिसत होती तेव्हा लोक फोन करून विचारत होते, आकडा काय म्हणून. आम्ही घाण पुसली आणि त्यांचं विचारणंही पुसलं. नावं काढून ठेवली आहेत. पण फोन तुमच्या डॉक्टरांनीच करायला हवेत, आमचं ऐकून कुणी औषध बदलू नये."

अधीक्षक बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. "रात्रीच्या गोळीच्या आत?"

"आत्ता सुरुवात केली तर होतील."

त्या उठल्याच. चालता चालताच त्यांनी फोन लावला आणि जिन्यावरूनच माणसं बोलवायला सुरुवात केली. तुसडी त्यांच्या मागोमाग नावं वाचून दाखवत उतरली.

खोलीत साहेब आणि होयबा उरले. साहेबांनी पडद्याकडे बघत टाय पुन्हा सारखा केला.

"पण काही म्हण," ते म्हणाले, "दिसत तर किती स्वच्छ होतं!"

होयबाने मान हलवली.