दोन घरांचा ड्रोन

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. फवारणीचा. शहाद्याजवळ केळीच्या एका मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये मला गोणपाट पांघरून ठेवलंय.

कारखान्यात मी जन्मलो, पण मला वाढवलं दोन घरांनी. हिलालआप्पा आणि शांतीलालभाऊ यांच्या मळ्यांना एकच बांध. त्या बांधावरून ते बरीच वर्षं भांडलेले, म्हणून मला भागीत घेताना त्यांनी एक रीत पाडली. रिमोट हिलालआप्पांकडे, बॅटऱ्या शांतीलालभाऊंकडे.

"मन्हाशिवाय काय उडावशी हिलाल, पतंग?" शांतीलालभाऊ डिवचायचे.

"पतंगले वारा लागस. तोबी तूच ठेवी ले घरमा," आप्पा म्हणायचे.

मला उडवायची आप्पांची सून, रुपा. लेकीला कडेवर घेऊन ती बॅटरी मागायला जायची. शांतीलालभाऊंच्या पत्नी दगूबाई आधी केळीतल्या बाया बाहेर बोलवायच्या, शेळ्या हलवायच्या, पाण्याचा माठ झाकायच्या, मग बॅटरी हातात द्यायच्या. त्या दिवसांत माझं फार कौतुक व्हायचं. धानोऱ्याहूनही लोक मला बघायला येत.

मग या हिवाळ्यात एक साहेब आले. आपला देश आणि एक शेजारी देश मिळून सैन्यासाठी ड्रोन बनवणार होते, खरेदीही एकत्र करणार होते. चाचणीसाठी त्यांना चांगले हात हवे होते. रुपाचे हात त्यांना आवडले. नोकरी पक्की, राहायला घर, लेकीला शाळा. रुपाच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता.

"दोन्ही देशांचं सगळं जमलंय," साहेब म्हणाले. "फक्त उडवायचा हुकूम कोणी द्यायचा, तिथं अडलंय."

"आमच्यासारखं करा ना," रुपा म्हणाली. "रिमोट एकाकडे, बॅटरी दुसऱ्याकडे."

साहेब हसले. "लढाईत बॅटरी मागत कोण फिरेल, ताई?"

त्यांच्या गाडीत माझ्या मापाच्या बॅटऱ्या होत्या. त्यांनी एक बसवली. पोटाखाली एक छोटा कॅमेरा लावला. हलणारी वस्तू एकदा दाखवली की तो तिची पाठ सोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. शांतीलालभाऊंकडे कोणी गेलं नाही. गरजच पडली नाही.

मी उडालो. पडद्यावर केळीच्या पानांआड एक ठिपका हलला.

"शेळी असेल. धरा तिला," साहेब म्हणाले. रुपाने बटण दाबलं.

मित्रांनो, मला डोळा होता, पण ओळख नव्हती. ठिपका डावीकडे गेला, मी डावीकडे गेलो. तो पळाला, मीही वेग घेतला. पानं फाटली तेव्हा रुपाला पडद्यावर हिरवं लुगडं दिसलं. तिने मला झटक्यात वर ओढलं, पण तोवर ठिबकच्या नळीत पाय अडकून, शेळ्यांसाठी गवत कापायला आलेल्या दगूबाई पडल्या होत्या. रुपा धावत गेली. त्यांचा मोडलेला हात तिने आपल्या ओढणीत बांधला.

"ढोरस्ना मांगे बी असं कोनी पयत नही, रुपा," दगूबाई एवढंच बोलल्या.

रुपा परत आली ती थेट साहेबांसमोर उभी राहिली. "ते चित्रण पुसा. तरच येते मी."

"ते कसं पुसणार? दोन्हीकडच्या इंजिनिअरांकडे ते कधीच गेलं. माणूस कसा पळतो, वळतो, हे यंत्राला शिकवायला फार उपयोगी आहे." साहेबांच्या आवाजात राग नव्हता. तिचं अभिनंदन करावं तसे ते बोलले.

रुपा गेली नाही. लेकीला मांडीवर घेऊन ती संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. शांतीलालभाऊंनी बॅटऱ्या कोठीत टाकून कुलूप लावलं. दोन्ही घरांचं बोलणं पुन्हा बंद आहे. माझ्या पंख्यांवर कोळ्यांनी जाळी धरलीत. त्याचं मला फार वाटत नाही.

वाटतं ते त्या चित्रणाचं. माझ्याहून कितीतरी वेगवान ड्रोन आज कुठल्यातरी दालनात दगूबाईंकडे बघून शिकत असतील. त्या कोण, हे त्यांना कोणी सांगितलं नसेल.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी अशी यंत्रं बनवेल, कोणी दोन देशांच्या करारावर सही करेल. देशांनी एकत्र यावं, शेजाऱ्यांनी यायलाच हवं. पण सही करण्याआधी एवढं जरूर विचारा, की खाली जी बाई गवत कापते आहे, तिला बाहेर ये म्हणून कोण सांगायला जाणार आहे. उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवा.