बेटापलीकडचा माग

राइलीचा खांदा मोडला तो विहिरीच्या वाटेवर, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या असताना. पडली ती पडली, पण उठताना आधी तिने बादल्यांकडे पाहिलं. पाणी सगळं सांडलं होतं आणि जागच्या जागी गोठायलाही लागलं होतं. डॉक्टरने हात गळ्यात बांधला आणि बजावलं, की सरोवरावरचं बर्फ फुटेपर्यंत काही उचलायचं नाही आणि ओढायचं तर मुळीच नाही. राइलीने मान हलवली. खांदा इतका ठणकत होता की वाद घालायचं त्राण नव्हतं, नाहीतर तिने डॉक्टरला सोडला नसता.

ओढायचं नाही म्हणजे काय, ते त्या डॉक्टरला काय ठाऊक? तो शहरातून आलेला. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात पिएलिनेन सरोवर गोठलं, की राइली आणि ओइवा बर्फाखाली जाळी टाकत आले होते. बर्फाला पाडलेल्या भोकाशी स्टूल टाकून एकट्याने गळ हलवत बसतात ती हौशी मंडळी. जाळ्याला दोघं लागतात. एकाने या भोकातून जाळं वर ओढायचं, दुसऱ्याने लांबच्या भोकाशी उभं राहून दोरी सोडत जायची. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही, तेव्हा दोरीला बसलेल्या हिसक्यावरून समोरच्याच्या मनातलं ओळखायचं. राइलीला ओइवाच्या मनातलं एरवी कधी कळलं असेल नसेल, दोरीवर मात्र हमखास कळायचं.

आणि मग ती घसरगाडी. होडीसारख्या सपाट बुडाची, ओइवाच्या बापाने केलेली. तिच्यात जाळी, बर्फ फोडायची लोखंडी पहार, फावडं, माशांची खोकी, कॉफीचं भांडं आणि सुक्या लाकडांची मोळी. जाताना जड, येताना ओल्या जाळ्यांनी आणि माशांनी त्याहून जड. पुढे दोरीला दोन रुंद पट्टे होते. उजवा ओइवाच्या खांद्यावर, डावा राइलीच्या. दोघं दोन बाजूंनी ओढत, कोणी बोलत नसे. गावात कोणी राइलीला विचारलं असतं की तुझा संसार कुठे आहे, तर तिने घर नसतं दाखवलं, तो डावा पट्टा दाखवला असता.

आता तो पट्टा ताइमीच्या खांद्यावर होता.

ताइमी म्हणजे खाडीपलीकडची शेजारीण. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. जंगलतोडीच्या तळांवर स्वयंपाक करून करून अंगाने दांडगी झालेली, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जाणारी. ओइवाबरोबर कोणीतरी जायला हवं, हे राइलीच म्हणाली होती. पण कोणीतरी म्हणजे तिच्या मनात दुकानदाराचा भाऊ होता, जो आळशी होता, तोतरा होता आणि मुख्य म्हणजे बाई नव्हता. ओइवा सरळ ताइमीकडे गेला. का, तर ती जवळ राहते. जवळ राहते हे राइलीलाही दिसत होतं, आणि तेच तर तिला खुपत होतं.

रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राही आणि ती दोघं बर्फावरून बारीक होत जाताना बघे. पुढे मधोमध एक बेट होतं, फरच्या झाडांनी भरलेलं. त्याच्याआड गेली की दिसेनाशी व्हायची. मग दुपार कलेपर्यंत राइली आणि तिचा जळफळाट घरात एकटे. ती एका हाताने भांडी घासायची आणि ती भांडी काय आवाज करायची.

घरातही सगळं उलटंपालटं झालं होतं. झोपेत धक्का लागू नये म्हणून ओइवा बाहेरच्या खोलीतल्या बाकावर झोपू लागला होता. शनिवारच्या सौनालाही, म्हणजे वाफेच्या अंघोळीलाही, तो एकटाच जायचा, कारण तिचं बँडेज भिजून चालणार नव्हतं. जाड लोकरी सदरा चढवून तो लाल तोंडाने परत यायचा, कॉफी प्यायचा आणि बाकावर आडवा व्हायचा. बोलण्यासारखं काही असलं तर ते बहुधा बर्फावर बोलून संपत असावं, असं राइलीला वाटायचं. कोणाशी, ते सांगायला नको.

एकदा जेवताना ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, की पुढच्या हिवाळ्यात खांदा पक्का झालेला असेल, मग पट्टा मी घेईन. ओइवा वाडग्यात चमचा फिरवत राहिला.

"बघू," तो म्हणाला. "ताइमीला जमतंय."

एवढंच. पण राइलीने आपला वाडगा बाजूला सारला. कामाला ठेवलेल्या माणसाला काढतात तेव्हा असंच काढतात, आवाज न चढवता. तिला एकाएकी भीती वाटली. खांदा बरा होईल, पण आपली जागा आता कायमची दुसरीची झाली, अशी ती भीती होती. भीती वाटली म्हणून तिला अधिकच राग आला.

दुसऱ्या दिवशी ताज्या भुरभुरीत बर्फावर मासेमारी करून दोघं परतली. ताइमी आपला वाटा घेऊन घरी गेली, ओइवा बाकावर पडून घोरू लागला. राइलीने बूट चढवले, चांगल्या हातात एक काठी घेतली आणि गाडीच्या मागावरून चालू लागली. बर्फावर वाढलेल्या बाईला माग वाचता येतो. ससा कुठे बिचकला, कोल्हा कुठे वळला, ते तिला सांगावं लागत नाही. मग नवरा कुठे वळला ते का सांगावं लागेल?

बेटापर्यंत सगळं ठीक होतं. मधे गाडीची रुंद सपाट वाट, डावीकडे एकाची पावलं, उजवीकडे दुसऱ्याची. बूट दोघांचे सारखेच, कारण गावातल्या दुकानात एकाच प्रकारचे येत. पावलं सारख्या अंतरावर पडत होती, हे तिला आवडलं नाही. बेट ओलांडलं आणि ती थांबली. एका जागी बर्फ तुडवलेलं होतं. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंची पावलं संपली. उरला फक्त गाडीचा माग, आणि तो इथून पुढे खोल होता. ओढणारा एकटाच असला की तो मधून चालतो आणि त्याची पावलं मागून येणारी गाडी पुसून टाकते. कडेला कुठे कुठे टाचेचा अर्धा ठसा वाचला होता, तेवढाच.

म्हणजे इथून पुढे एक जण ओढत होता आणि एक जण गाडीत बसला होता. बसली होती.

राइलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तिला ओढतो! महाराणी माशांच्या खोक्यांवर बसून सहल करते आणि हा घोडा होतो! इतक्या वर्षांत त्याने राइलीला कधी एकदा बसवलं होतं? एका हिवाळ्यात तिचा पाय गुडघ्यापर्यंत भोकात गेला होता, विजार लाकडासारखी कडक झाली होती, तेव्हासुद्धा साहेब काय म्हणाले? "चाललीस तर गरम राहशील." आणि ती चालली होती, पट्टा खांद्यावर घेऊनच.

सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. तिने मागे वळून पाहिलं. तुडवलेली जागा बरोब्बर अशी होती, की तिथून घराच्या दिशेने दोन पावलं आलं की घराची खिडकी दिसू लागे. राइली कुठपर्यंत पाहू शकते याचा त्या दोघांनी हिशोब केला होता. चोरून करायचं काही नसेल, तर माणूस असा हिशोब कशाला करेल?

रात्रीच्या जेवणात मासा करपला होता. ओइवाने तो मुकाट्याने खाल्ला.

"गाडी जड जाते का हल्ली?" तिने विचारलं.

"नेहमीसारखीच," तो ताटात बघत म्हणाला.

खोटं बोलताना तो ताटात बघतो हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने आणखी एक खोटं सांगितलं असतं, आणि तिला ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

सकाळी ती दोघं निघून गेली. मग राइलीने काळ्या पावाचा तुकडा खिशात टाकला आणि हळूहळू बेटापर्यंत चालत गेली. फरच्या झाडांमागे ती उभी राहिली. थंडीने खांदा ठणकायला लागला. काय बोलायचं ते तिने मनात पक्कं केलं, मग बदललं, मग आणखी तिखट केलं. ताइमीला काय म्हणायचं, त्याला काय म्हणायचं, दोघांना मिळून काय म्हणायचं. पाव खिशातच राहिला.

दुपारी लांबून एक ठिपका दिसू लागला. ठिपक्याची गाडी झाली. गाडी ओढणारा एकटाच होता, दोन्ही पट्टे छातीवरून आडवे घेतलेले, पुढे वाकलेला. जवळ आल्यावर टोपीखालून ताइमीचे लाल गाल दिसले.

राइलीला क्षणभर काही उमजेना. मग तिने गाडीकडे पाहिलं. खोक्यांवर, ओल्या जाळ्यांना टेकून, ओइवा बसला होता. तोंड मागच्या दिशेला, हात गुडघ्यांवर, बसमध्ये बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. तुडवलेल्या जागेपाशी ताइमी थांबली. तो उतरला, म्हणजे आधी एक पाय खाली ठेवला, मग वाट पाहिली, मग दुसरा. ताइमीने एक पट्टा सोडून त्याच्या हाती दिला. मदत करायला ती पुढे झाली नाही, दुसरीकडे बघत उभी राहिली. हे तिने किती सवयीने केलं, ते राइलीला दिसलं.

राइली झाडांमधून बाहेर आली.

ओइवाने घाईघाईने पट्टा खांद्यावर चढवला. पकडलेला पोरगा करतो तसं.  राइलीने पाठ केलेल्या तिखट बोलण्यातलं एकही वाक्य कामाचं उरलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने ताइमीला विचारलं.

"त्याला विचार. मी नुसती ओढते."

"तुझा खांदा मोडला त्याच्याही आधीपासून," ओइवा म्हणाला. "तेव्हा थोडं होतं. आता बेटापर्यंत जमतं, त्यापुढे दम पुरत नाही. छातीत धरतं."

राइलीला आठवलं, की गेल्या शरदात तो लाकडं फोडता फोडता मधेच थांबून आभाळाकडे बघायचा, आणि आपण त्याला आळशी म्हटलं होतं. हे तिच्या मनात आलं आणि लगेच बाजूला झालं, कारण मत्सर अजून जागेवरच होता. उलट त्याला आता नवं खाणं मिळालं होतं.

"हिला सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही."

"हिच्यापुढे कसली लाज? मी हिला कसाही दिसलो तरी हिचं काय जातं?"

"मेहेरबानी," ताइमी म्हणाली.

"आणि माझ्यापुढे?"

ओइवा बर्फाकडे बघू लागला. ताटाकडे बघायचा तसं नव्हे. "तू खिडकीत उभी असतेस," तो म्हणाला. "तिथून मी तुला ओढताना दिसायला हवा होतो."

नवऱ्याच्या तोंडून तिने यापेक्षा गोड काही कधी ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. त्याने आपली सगळी ऐट बायकोसाठी राखली होती आणि खरा ओइवा, दमलेला, घाबरलेला, तो शेजारणीला देऊन टाकला होता. राइलीला तो हवा होता. ऐट तिने पुष्कळ पाहिली होती.

"सोमवारी शहरात जायचं, पहिल्या बसने," ती म्हणाली. "डॉक्टरकडे. आणि आता बस गाडीत."

"राइली, तुझा खांदा..."

"मला दोन आहेत. बस."

तो हलेना. ताइमीपुढे जो रोज मुकाट बसत होता, तो बायकोपुढे खांबासारखा उभा. दोन पावलं पुढे गेलं की घर समोर दिसणार होतं, धुराडं, खिडकी, सगळं. राइलीला कळलं की तो आता बसला नाही तर कधीच बसणार नाही, निदान तिच्या गाडीत. तिने त्याच्या खांद्यावरून पट्टा उतरवला. त्याने उतरवू दिला. मग तो गेला आणि खोक्यांवर बसला, तोंड मागे करून.

ताइमीने आपला पट्टाही काही न बोलता पुढे केला. राइलीने दोन्ही पट्टे चांगल्या खांद्यावरून घेतले, बांधलेल्या हाताला लागणार नाहीत असे काखेखालून. ओली जाळी किती जड असतात, मासे किती, पहार किती, ते तिच्या पाठीला पाठ होतं. त्यावर आता एक अख्खा पुरुष, लग्नात तिला उचलून उंबरा ओलांडणारा. तिने टाचा रोवल्या, श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून ओढलं.

गाडी इतकी सहज सुटली की राइली गुडघ्यांवर पडली.

ती तशीच बसून राहिली.  लोकरी सदऱ्याच्या आत काय शिल्लक उरलं आहे, ते तिला आत्ता, पाठीने कळलं होतं.

ताइमी जवळ आली, पण हात दिला नाही. वाकून हळू आवाजात म्हणाली, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "जोर कमी लाव. तो जड नाही."

आपला नवरा किती वजनाचा आहे, हे दुसऱ्या बाईने तिला सांगावं. राइलीने दात आवळले, उठली, पट्टे सारखे केले. आणि जोर कमी लावला.