माझा वाटा दादाकडे

आमच्या घरात कलिंगड एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं, असा बाबांचा नियम आहे. त्यामुळे दादा कलिंगड कापतो तेव्हा एक डोळा मिटून, श्वास रोखून मधली रेघ शोधतो, आणि तरीही मी मुद्दाम दोन्ही तुकडे हातात तोलून बघते. खोली, खिडकीकडची बाजू, आईची बोलणी, आमच्यात सगळं निम्मं निम्मं. म्हणून बाबांच्या पायांचा आजार मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी आहे, असं हॉस्पिटलातून कळलं तेव्हा घरात कुणाला पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही. मुलं दोन. निम्मी म्हणजे एक. दादाला तर निघालाच होता. म्हणजे मी सुटले.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात, आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांचा पाय चालताना पुढून खाली लोंबतो, म्हणून ते गुडघा उंच उचलून पाऊल टाकतात, चिखलातून चालल्यासारखं. दादाही तसाच चालतो. आम्ही त्याला 'बापाची चाल' म्हणायचो आणि नातेवाईक कौतुक करायचे, अगदी बापावर गेलाय म्हणून. मग बाबा शिडीच्या खालच्या पायरीवरून घसरले, मनगट सुजलं, आणि मनगट दाखवायला गेले तर डॉक्टर मॅडम बघत बसल्या त्यांचे पाय. दुसऱ्या खेपेला दादाला बोलावलं. माझी परीक्षा होती, मी गेले नाही.

आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. यात टूथ असलं तरी दातांशी काही संबंध नाही, ती तीन डॉक्टरांची आडनावं आहेत. नसांवर एक आवरण असतं, ते नीट नसलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत रखडत पोचतो, आणि पायाच्या नसा सगळ्यात लांब म्हणून आधी पाय, मग हात. बाबांनी हे आईला त्यांच्या भाषेत सांगितलं, "लोखंडाला अस्तर धड लागलं नाही, तर वरचा रंग कितीही भारी मारा, टिकत नाही." आई म्हणाली, "पाट्यांचं कळलं. तुमचं सांगा."

त्यानंतर शिडीवर कोण चढणार हा प्रश्नच उरला नाही. मी. याआधी मी डबे धरणारी होते, 'भिंगरी, ब्रश दे', 'भिंगरी, बाजूला हो'. आता मी वर आणि ते दोघे खाली. वरून लोकांची टकलं दिसतात, टेम्पोच्या टपावर पडलेले चेंडू दिसतात, आणि आपण काढलेल्या अक्षराखालून अख्खा रस्ता जातोय हे दिसतं. शाळेतही माझा आवाज वाढला. वर्गात हात वर करायला लागले, उत्तर येत नसलं तरी.

दादा खाली शिडी धरून उभा असायचा. "चढ बिनधास्त," तो म्हणायचा, "तुझा वाटा मी घेतलाय." हे त्याचं पेटंट वाक्य झालं होतं. डब्याचं झाकण उघडलं नाही की, शर्टाचं वरचं बटण लागलं नाही की, रस्त्यात अडखळला की, "असू दे, तुझा वाटा मी घेतलाय." आणि हे तो रडत नाही, ऐटीत म्हणायचा. मला वाटतं त्याला खरंच बरं वाटायचं.

तर त्या दिवशी दादाच्या पायांसाठी स्प्लिंट मिळणार होते, पाय लोंबू नये म्हणून बुटात घालायचे प्लास्टिकचे साचे. आम्ही चौघेही गेलो. मॅडमनी दादाला टाचांवर चालायला सांगितलं. त्याचे चवडे उचललेच जाईनात.

"एवढं काय त्यात," मी म्हणाले आणि उठून टाचांवर चालायला लागले. पहिली दोन पावलं झकास. मग माझा उजवा चवडा फट्कन जमिनीवर आपटला. मी परत उचलला. परत फट्.

"फरशी गुळगुळीत आहे," मी म्हणाले.

दादा हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हिला कधी तपासलं नाही?"

बाबांनी आमचा हिशोब सांगितला. निम्मी शक्यता, दोन मुलं, एकाला झाला, मिटलं. बाबा हे इतक्या खात्रीने सांगत होते की क्षणभर मॅडमच गोंधळल्यासारख्या दिसल्या.

"असं नसतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक मूल जन्मतं तेव्हा नाणं नव्याने उडतं. आधीच्या वेळी काय पडलं होतं, ते नाण्याच्या लक्षात राहत नाही."

दादाने विचारलं, "म्हणजे दोघांनाही होऊ शकतो?"

"दोघांनाही. किंवा एकालाही नाही."

"पण मला झालाय ना," दादा म्हणाला. "मग?"

मी त्याच्याकडे बघत होते आणि मला माझी नाही, त्याचीच काळजी वाटायला लागली.

तेवढ्यात आई उठली आणि दारापासून खिडकीपर्यंत टाचांवर टकाटक चालून आली. "हे माहेरचे पाय," ती म्हणाली. "माझेच पाय का नाही घेतले हो पोरांनी?" हे कुणाला विचारलं कोण जाणे. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात तिने अजिबात सोडला नाही.

मॅडमनी मला विचारलं, तपासायचं का, की घरी जाऊन विचार करायचाय. असं पहिल्यांदाच कुणी मला सरळ विचारलं. मी हो म्हणाले. धाडसाने नाही हं. घरी गेल्यावर मला काही विचारच येणार नाही, डोक्यात नुसत्या घिरट्या चालतील, एवढं मला माहीत होतं म्हणून.

तपासणी गंमतशीर होती. पायाला तारा चिकटवतात, बारीक झटका देतात, आणि आपला अंगठा आपल्याला न विचारता उडी मारतो. मी खो खो हसले. पडद्यावर लाट उमटायची, पण उशिरा. मॅडम एकदा घोट्यापाशी, एकदा गुडघ्यापाशी, मग हाताला, असं करत गेल्या आणि प्रत्येक लाट रमतगमत आली.

"आहे," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी रक्त तपासू. पण आहे."

आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे खूप वाटलं, पण कोणतं ते कळेना. काल मी शिडीवर होते तेव्हाही हा आजार होताच की. वर्गात हात वर केला तेव्हाही होता. मग आज नवीन काय झालं? आणि काहीच नवीन झालं नसेल, तर आई का रडतेय? मॅडम सांगत होत्या की सध्या माझी ताकद चांगली आहे, हा आजार हळू चालतो, याने माणूस मरत नाही, व्यायाम काय, बूट कसे, आणि दर वर्षी येऊन दाखवायचं. शिडीचं विचारलं तर म्हणाल्या, "उंचावर तोल जाणं बरं नाही, पण घाबरून बसूही नकोस." आता याचा अर्थ चढ असा की नको चढूस?

बाहेर बाकावर दादा नवे स्प्लिंट मांडीवर घेऊन बसला होता. आईने त्याला आधीच सांगितलं असावं.

"मग मी काय घेतलं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला वाटत होतं, मी घेतला म्हणून तू वाचलीस. पाय अडकला ना, की मी तेवढंच म्हणायचो मनात. आता अडकला की काय म्हणू?"

मला एरवी उत्तर येत नसलं तरी मी हात वर करते. इथे हातही वर होईना. "माझ्या नावाने शिव्या दे," मी म्हणाले शेवटी.

"त्या तर आधीपासून देतो."

आम्ही दोघं थोडं हसलो आणि मग एकदम थांबलो. त्याने एक स्प्लिंट पुढे केला. "घालून बघ. आधी टाच मागे रेट. टाच बसली की बाकीचं येतं." तो मला ढगळ झाला आणि गार लागला. त्याने पट्टा आवळायचा प्रयत्न केला, बोटांना जमेना, मग मीच आवळला, तर मलाही एका झटक्यात जमला नाही. यापूर्वीही जमत नसेल का? की आजपासूनच मी असं सगळं तपासून बघणार?

बाबा कागद घेऊन आले आणि आमच्यासमोर उभे राहिले. मी विचारलं, "शनिवारची पाटी रंगवायला शिडीवर कोण चढणार?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "पाटी खाली उतरवून घेऊ. वर्कशॉपमध्ये जमिनीवर ठेवून रंगवायची, परत लावायला माणूस मिळतो."

दादाने मान वर केली. "असं करता येतं? मग इतकी वर्षं का नाही केलं?"

बाबांनी कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटायचं मीच धांदरट आहे. सगळे चढतात, मग मला चढायला काय होतंय? म्हणून रोज चढायचो." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला मी धांदरट म्हणायचो ना, कप फुटला की. ते मी आता म्हणणार नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला तर ती वरून दिसणारी टकलं आठवायला लागली. जमिनीवर बसून अक्षरं काढायची म्हणजे त्यांच्याखालून काय जाणार, झुरळं? आणि त्याच वेळी मला रडायलाही येत होतं, बाबांसाठी, आणि माझा एक पाय दादाच्या स्प्लिंटमध्ये आणि एक मोज्यात होता याचं हसूही.

आई लिफ्टचं बटण दाबून धरून उभी होती. "ठरलं का काही?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले, "हो." दादा म्हणाला, "नाही." मी म्हणाले, "थांब, आधी हा पट्टा तर सुटू दे, सुटतच नाहीये."